खात्यात एकतीस लाख, पगाराला सहा: नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या लेखा विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे महाविद्यालय नागपूरच्या हिंगणा बाजूला आहे. एमबीए आणि एमसीए असे दोनच अभ्यासक्रम, पूर्ण विनाअनुदानित, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न. चालवणारी संस्था जुनी, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली; शहरात तिची एक अनुदानित शाळाही आहे. नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून आकडेही जरा फिरवले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलं आहे. मी तिथे दर तिमाहीला अंतर्गत लेखापरीक्षणासाठी जात होतो. त्यामुळे जे झालं त्यात माझाही वाटा आहे. तो पुढे सांगतो.

लेखा विभाग म्हणजे दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि फी भरायची एक खिडकी. माणसं तीन: बारा वर्षांपासून असलेल्या लेखापाल मॅडम, खिडकीवरचा रोखपाल आणि शिष्यवृत्तीचं काम पाहणारा कनिष्ठ लिपिक. दोन्ही वर्षांचे मिळून ३१८ विद्यार्थी. सरासरी शुल्क ७२ हजार, म्हणजे कागदावर वर्षाचं उत्पन्न सुमारे २ कोटी २९ लाख. पगार महिन्याला १४ लाख, वीज, इंटरनेट, सुरक्षा, विद्यापीठाचं संलग्नीकरण वगैरे मिळून आणखी ३ लाख. वर्षाचा हिशेब लावला तर महाविद्यालय तोट्यात नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना ते विसरायला होईल.

शुल्क किती घ्यायचं हे संस्था ठरवत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण मागच्या लेखापरीक्षित खर्चावरून ते ठरवतं. आणि ठरलेल्या शुल्कातलं किती खिडकीवर मिळणार, हे विद्यार्थ्याच्या प्रवर्गावर आणि घरच्या उत्पन्नावर अवलंबून. ३१८ पैकी पूर्ण शुल्क स्वतःच्या खिशातून भरणारे फक्त ४३. बाकीच्यांचं शुल्क कुठे पूर्ण, कुठे अर्धं, राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती किंवा प्रतिपूर्ती म्हणून यायचं. विदर्भातल्या विनाअनुदानित महाविद्यालयांत काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही.

२०२४ मध्ये काय बदललं

८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी त्यांना निम्मी सवलत होती. मुलींसाठी निर्णय चांगलाच, आणि प्रवेशाच्या वेळी आई-वडिलांच्या चेहऱ्यावर ते दिसतही होतं. लेखा विभागाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ वेगळा होता: या ६२ मुली जुलै ते ऑक्टोबरमध्ये खिडकीवर सरासरी ३२ हजार भरायच्या, ते जवळपास २० लाख आता शासनाकडून, म्हणजे पुढे कधीतरी, येणार. वर्षाची बेरीज तीच, फक्त पैसे हातात पडायचा महिना बदलला.

अंदाजपत्रक एप्रिलमध्ये मंजूर झालं होतं. जुलैनंतर ते कोणी पुन्हा उघडून पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट जुनी होती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातो आणि त्यातलं शुल्क त्याने महाविद्यालयात आणून भरायचं असतं. म्हणजे पैसे आले की नाही, हे महाविद्यालयाला विद्यार्थ्याकडूनच कळणार.

अडचण

सोमवार, २ डिसेंबर २०२४. बँकेत शिल्लक ३१ लाख ४० हजार. नोव्हेंबरचा पगार ७ तारखेला द्यायचा होता. अध्यक्षसाहेबांनी फोनवर शिल्लक विचारली, ऐकली आणि म्हणाले, "मग काय प्रश्न आहे? करून टाका पगार."

मॅडमनी फोन ठेवला आणि एका पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. तो कागद मी नंतर फाईलला लावून घेतला. विद्यार्थ्यांची परत करायची अनामत १५.९ लाख. विद्यापीठाला भरायचं परीक्षा व नावनोंदणी शुल्क ६.३ लाख. औद्योगिक सहलीसाठी मुलांनी भरलेले ३.१ लाख. बेरीज २५.३ लाख. उरले ६ लाख १० हजार.

सगळे पैसे एकाच चालू खात्यात होते. पासबुकातल्या आकड्याला कुणाची पाटी नसते. गेली कित्येक वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीवर इतकी रोकड यायची की अनामतीचे पैसे वेगळे काढायची वेळच आली नव्हती. २०२४ मध्ये ती रोकड आली नाही, आणि तळ दिसला.

त्यात १६ डिसेंबरपासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. नागपुरात डिसेंबरमध्ये पगाराचा प्रश्न नुसता पगाराचा राहत नाही. अध्यक्षसाहेबांच्या मनात काय होतं ते त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत उघड सांगितलं: "अधिवेशन तोंडावर आहे. उद्या आपला एखादा मास्तर यशवंत स्टेडियमवर जाऊन धरण्याला बसला तर पेपरात नाव येईल."

समोरचे पर्याय

३ तारखेच्या बैठकीला अध्यक्ष, सचिव, प्राचार्य सर, मॅडम आणि मी होतो. जे पर्याय निघाले ते निघाले त्याच क्रमाने देतो, कारण क्रमातूनही माणसांचा कल कळतो.

पहिला, अनामत वापरायची. सचिवांचं म्हणणं, ती जूनमध्ये परत करायची आहे, तोवर शिष्यवृत्ती येईलच. हा पर्याय सर्वांत सोपा होता, कारण त्यासाठी काहीच करावं लागत नव्हतं; नुसता पगार काढला की अनामत आपोआप वापरली जाणार होती. मी विचारलं की जूनमध्ये शिष्यवृत्ती आली नाही तर काय. कोणी उत्तर दिलं नाही. परीक्षा शुल्काला हात लावायचा नाही यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं. ते भरलं नाही तर मुलांची परीक्षाच अडते, हे तिथे प्रत्येकाला दिसत होतं. अनामतीचं तसं नव्हतं. जूनमध्ये पैसे मागायला येणारा मुलगा डिसेंबरच्या बैठकीत कुणाला दिसत नाही.

दुसरा, शाळेच्या खात्यातून उसने. अनुदानित शाळेचं वेतन अनुदान वेतनासाठीच असतं आणि बाकीच्या निधीलाही बंधनं असतात. हा पर्याय दोन मिनिटांत संपला.

तिसरा, बँकेकडून ओव्हरड्राफ्ट. सीताबर्डीच्या शाखेतले व्यवस्थापक ठेवीवर दुसऱ्या दिवशी द्यायला तयार होते. पण सार्वजनिक न्यासाला कर्ज काढायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पूर्व, म्हणजे आधी. चार दिवसांत ती मिळण्यातली नव्हती. "सगळे घेतात," असं सचिव म्हणाले. घेतात, आणि मग लेखापरीक्षकाच्या अहवालात तो शेरा वर्षानुवर्षं राहतो.

चौथा, विद्यार्थिनींकडून "तात्पुरती ठेव" घ्यायची आणि शासनाचे पैसे आले की परत करायची. हे कोणी सुचवलं ते लिहीत नाही. प्राचार्य सर बैठकीत एरवी फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले की जुलैमध्ये या मुलींच्या वडिलांना मी स्वतः सांगितलं आहे, एक रुपया लागणार नाही. विषय संपला.

पाचवा, भविष्य निर्वाह निधीचा भरणा महिनाभर मागे ठेवायचा. साधारण १.९ लाखांची सोय. खरं सांगायचं तर हा मॅडमनीच, चाचपडत, मांडला. पगारातून कापलेली वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. उशीर झाला तर व्याज आणि दंड आहेतच, पण कापून घेऊन न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो. मॅडमना हे माहीत होतं. थकलेल्या माणसाला सुचतं तसं ते होतं, म्हणून मी ते इतिवृत्तात येऊ दिलं नाही.

सहावा, संस्थेच्या मुदत ठेवी मोडायच्या. दोन पावत्या होत्या, ४ लाखांची आणि ६ लाखांची. तिसरी एक होती, तंत्रशिक्षण परिषदेसोबत संयुक्त नावाची. तिला हात लावता येत नव्हता. पहिल्या दोघींचं काय, यावर विश्वस्तांचं म्हणणं की त्या इमारतीच्या वरच्या मजल्यासाठी राखून ठेवल्या आहेत. राखून ठेवल्या म्हणजे कुणी, कोणत्या ठरावाने? जुनं ठरावबुक काढायला सांगितलं. ते शाळेच्या कपाटात निघालं. ४ लाखांमागे एका देणगीदाराचं पत्र होतं: रक्कम कायम निधीत राहावी, व्याज तेवढं वापरावं. ६ लाखांमागे काहीच नव्हतं. ती मागच्या वर्षांची बचत होती.

निर्णय

६ लाखांची ठेव मोडली, ५ डिसेंबरला. मुदतीपूर्वी मोडल्यामुळे व्याजात काही हजार गेले. ४ लाखांची तशीच ठेवली. हातचे ६.१ आणि हे ६, मिळून १२.१ लाख. लागत होते १४.

उरलेल्या १.९ लाखांसाठी प्राचार्य सर आणि चार वरिष्ठ प्राध्यापकांनी त्या महिन्याचा निम्मा पगार जानेवारीत घ्यायला होकार दिला. शिपाई, लिपिक, ग्रंथालय सहायक आणि नवे प्राध्यापक यांना ७ तारखेला पूर्ण पगार मिळाला, निर्वाह निधीही वेळेत भरला. इतिवृत्तात "स्वेच्छेने" असा शब्द आहे. प्राचार्यांनी आधी स्वतःचा निम्मा पगार सोडल्यावर समोर बसलेल्या चौघांची स्वेच्छा कितपत उरते, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. त्यातल्या एकाचा घराचा हप्ता त्या महिन्यात परत गेला, हे मार्चमध्ये कळलं.

पोर्टल उघडल्यावर

या प्रकरणातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे.

ताळेबंदात "येणे शिष्यवृत्ती" म्हणून २०२३-२४ चे ३८ लाख दिसत होते. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते एकाच खात्यात, एकाच आकड्यात. विद्यार्थीनिहाय यादी लिपिकाच्या एक्सेलमध्ये, आणि तिची बेरीज टॅलीशी तीन लाखांनी जुळत नव्हती. बैठकीत सगळे गृहीत धरून होते की हे पैसे शासनाकडे अडकले आहेत. मीही. ४ तारखेला मी लिपिकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि एकेक अर्ज उघडायला लावला. संध्याकाळचे साडेसात झाले.

८३ अर्ज प्रलंबित होते. त्यातले शासनाच्या टप्प्यावर होते २७. विद्यार्थ्याकडे दुरुस्तीसाठी परत गेलेले १९. आधार बँक खात्याशी जोडलेलं नाही म्हणून थांबलेले ११. आणि २६ अर्ज महाविद्यालयाच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये, लिपिकाच्या नाहीतर प्राचार्यांच्या मंजुरीची वाट पाहत पडून होते. सुमारे १२ लाख रुपये. आम्हाला कमी पडत होते ७ लाख ९० हजार.

मी विचारलं, हे पुढे का गेले नाहीत?

"सर, लॉगिन जुन्या बाबूंच्या मोबाईलवर आहे जी," तो म्हणाला. "ओटीपी त्यायच्याच नंबरवर जाते. फोन लावतो तर कधी उचलते, कधी नाही उचलत."

जुने बाबू ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेले होते. पदभार देण्याघेण्याचा कागद झाला होता. त्यात किल्ल्या, रजिस्टरं, कॅल्क्युलेटर, अगदी पंचिंग मशीनसुद्धा होतं. पासवर्ड आणि मोबाईल क्रमांक नव्हता. नवा मुलगा चार महिने "पोर्टल चालत नाही जी" असं सांगत होता, आणि तो खोटंही बोलत नव्हता. त्याच्यासाठी ते चालतच नव्हतं. नागपुरातल्या कोणत्याही महाविद्यालयात "पोर्टल चालत नाही" या वाक्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, तसं आम्हीही विचारलं नाही.

मोबाईल क्रमांक बदलून घेतला आणि ६ ते १२ डिसेंबरमध्ये २६ पैकी १७ अर्ज पुढे गेले. उरलेल्या ९ अर्जांची मुदत टळली होती. ते कायमचे गेले.

दुरुस्तीच्या १९ पैकी १२ मार्गी लागले, आधारच्या ११ पैकी ८. यात विशेष सांगण्यासारखं काही नाही, फोन करत राहावं लागतं.

केंद्राच्या त्या साठ टक्क्यांच्या हिश्शाचं काम वेगळं होतं. १४ विद्यार्थ्यांच्या खात्यात पैसे पडूनही इकडे आले नव्हते, मिळून ४.६ लाख. सचिवांना नोटीस लावायची होती, नावांसकट. मॅडमनी त्याला नकार दिला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांची यादी फळ्यावर लावायची नाही, एवढं त्या ठाम म्हणाल्या आणि स्वतः एकेकाला बोलावून घेतलं. सात जणांनी आठवड्यात भरले. तिघांचे पैसे घरच्या खर्चात गेले होते. त्यांना हप्ते पाडून दिले. दोघांना पैसे आल्याचाच पत्ता नव्हता: सिमकार्ड घेताना कधीतरी उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं आधारला जोडलेलं राहिलं होतं आणि रक्कम तिथे जाऊन बसली होती. थेट हस्तांतर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला आहे याला महत्त्व नसतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. उरलेले दोघे अजून बाकी आहेत.

नऊ विद्यार्थी

मुदत टळलेल्या ९ अर्जांचे ४.१ लाख कोणाच्या नावावर टाकायचे, यावर दुसरी बैठक झाली आणि ती पहिलीपेक्षा कडू झाली. हे नऊही जण उत्तीर्ण होऊन गेले होते. काहींना नोकऱ्या लागल्या होत्या. एका विश्वस्तांचं म्हणणं, शुल्क त्यांचं आहे, त्यांनी भरावं. तोवर टीसी आणि गुणपत्रिका द्यायच्या नाहीत.

यात कायद्याची बाजू सोपी होती. शुल्कासाठी मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत, अशा सूचना नियामक संस्थांनी दिलेल्या आहेत. पण मला वाटतं बैठकीचा कल त्याने फिरला नाही. तो फिरला मॅडमनी पोर्टलवरच्या तारखा वाचून दाखवल्या तेव्हा. नऊही विद्यार्थ्यांनी अर्ज वेळेत भरले होते, कागद पूर्ण जोडले होते. "आपल्या टेबलावर आल्यापासून एकही अर्ज हललेला नाही," त्या म्हणाल्या. रक्कम निर्लेखित करायचा, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढून टाकायचा, ठराव झाला. एका विश्वस्तांनी विरोध नोंदवला.

निष्पत्ती

जानेवारीत दुसऱ्या हप्त्याचे १३ लाख आणि साठ टक्क्यांपैकी ३.२ लाख जमा झाले. डिसेंबरचा पगार आणि पाच जणांची बाकी मिळून १५.९ लाख, १० तारखेला, तीन दिवस उशिरा दिले. १७ अर्जांचे सुमारे ७.८ लाख मार्चमध्ये दोन टप्प्यांत आले.

अनामतीसाठी आणि विद्यापीठाच्या शुल्कासाठी आता दोन वेगळी बचत खाती आहेत. खिडकीवर पावती फाटली की त्याच दिवशी त्या त्या खात्यात वर्ग. दर सोमवारी मॅडम एक पानी तक्ता काढतात: पुढच्या बारा आठवड्यांत कुठून काय येणार, कुठे काय जाणार. शासनाकडून येणारी रक्कम त्यात "आली" झाल्याशिवाय धरत नाहीत. टॅलीत विद्यार्थीनिहाय येणी आहेत. पोर्टलचा मोबाईल क्रमांक कोणा माणसाचा नसून कार्यालयाचा आहे. फोन कपाटात असतो आणि त्याचं रिचार्ज विसरू नये म्हणून ते तक्त्यातच एक ओळ आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैचा शासन निर्णय आला त्याच आठवड्यात अंदाजपत्रक उघडायला हवं होतं. ६२ गुणिले ३२ हजार, एवढाच हिशेब होता. तो ऑगस्टमध्ये केला असता तर संगणक प्रयोगशाळेची ९ लाखांची खरेदी सप्टेंबरमध्ये झाली नसती, आणि डिसेंबर आलाच नसता.

कर्मचाऱ्यांना ६ तारखेला, पगाराच्या आदल्या दिवशी सांगितलं. तीन दिवस आधी सांगितलं असतं तर घराच्या हप्त्यावाल्या सरांनी बँकेशी बोलून घेतलं असतं. "निम्मा पगार" ऐवजी गरजेनुसार कमी-जास्त असं विचारता आलं असतं, तेही एकेकट्याला, सगळ्यांसमोर नाही.

ठेव मोडण्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. सोय झाली, परवानगीही लागली नाही. पण आता संस्थेकडे हातचं म्हणून काही उरलेलं नाही, आणि धर्मादाय आयुक्तांकडे मर्यादित कर्जाच्या परवानगीचा अर्ज शांत महिन्यात करून ठेवा असं मी दोनदा सुचवूनही तो झालेला नाही.

आणि माझं. तीन वर्षं मी दर तिमाहीला "येणे शिष्यवृत्ती"समोर बरोबरची खूण करत होतो. आकडा ताळेबंदाशी जुळतो एवढंच पाहत होतो. त्यातलं किती कोणत्या वर्षाचं, कोणाच्या टेबलावर, हे एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं तर लिपिकाचा ओटीपी ऑक्टोबरच्या भेटीतच कळला असता आणि नऊपैकी काही अर्ज कदाचित वाचले असते.

जून २०२५ मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची अनामत परत करताना मी तिथे होतो. खिडकीवर रांग होती, पंखा असूनही रोखपालाचा सदरा घामाने ओला झालेला. दुपारपर्यंत ८८ जणांचे पैसे खात्यात टाकून झाले. मॅडमनी तक्त्यातली ती ओळ खोडली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं: २०२४-२५ च्या मुलींच्या शुल्कातले १४ लाख, अजून येणे.